सुतळीच्या दोन गाठी

(जानेफळ. रविवारची सकाळ, शाळेचं मैदान. मधोमध एक लाल, दोनच सीटांची, माणसाच्या कमरेलाही न पोचणारी गाडी. ती बनवणारा वेल्डर राजकुमार, त्याची मावशी कोकिळा आणि तिचे यजमान, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर उकंडराव. उकंडराव अर्धे गाडीत, अर्धे बाहेर.)

उकंडराव : डोकं आत घेतलं तर पाय बाहेर राह्यते, पाय आत घेतले तर डोकं. यातलं कोन्तं घेऊन जाऊ, ते सांग बे राजकुमार.

राजकुमार : काका, आधी बूड टाका, मंग एक पाय, मंग दुसरा. असल्या गाडीत बसाचं नसते, ती घालाची असते. पायजम्यासारखी.

उकंडराव : पायजमाही मी आताशा भिताडाले धरून घालतो.

कोकिळा : अहो, गुडघे पोटाशी घ्या नं जरा.

उकंडराव : पोटाशी आधीच पोट हाये.

कोकिळा : मंग थोडे वाका.

उकंडराव : वाकलोच हाये वं! याच्या खाली वाकलो तर हॉर्न नाकानं वाजन.

राजकुमार : वाजला! पाह्यलं का मावशी, वाजला! काका, नाक काढा, बॅटरी उतरते.

उकंडराव : नाक निघालं. मान निघत नाई. धर बे, वढ मले. हळू. टपाले लागते डोकं.

राजकुमार : टपाले जपा काका, तीन हात कलर मारला हाये त्याले.

कोकिळा : डोक्याले जप मेल्या, टपाचं काय सांगतं!

राजकुमार : आता निघाले. बसा या दगडावर. पाणी प्या. पन मावशी, मले हे समजून नाई राह्यलं. मी पट्टी लावून, खडूनं आखून, सीट बसवली. मापात सुताचाही फरक नाई. सुतळी अजून दुकानात खिळ्याले टांगेल हाये.

उकंडराव : कोन्ती सुतळी?

राजकुमार : ते... काई नाई. सुतळी म्हंजे सुतळी.

उकंडराव : कोकिळे?

कोकिळा : पाणी प्या तुम्ही आधी.

उकंडराव : पेलो. कोन्ती सुतळी?

कोकिळा : मी देली होती त्याले. दोन गाठी मारून. एक तुमच्या बसल्याची, एक पायाची. हा म्हने, मावशी, फोटोतल्यासारखी लाल गाडी बनवतो. मी म्हनलं बनव, पन पह्यला माणूस तुहा काका बसन, त्याच्या मापाची बनव. दोन वर्षं झाले त्याले.

उकंडराव : दोन वर्षं तुम्ही दोघं हे करून राह्यले अन् मले ठाव नाई?

कोकिळा : सांगतलं असतं तर तुम्ही म्हनले असते, "कशाले पाह्यजे." तुमचं ठरेल वाक्य हाये ते. साडीले, पंख्याले, देवदर्शनाले, सारं एकच.

उकंडराव : माप कधी घेतलं माह्यं?

कोकिळा : बसल्याचं घेतलं जेवताना. तुम्ही पाटावर बसले होते. मी मांगून आली, कढी वाढाच्या निमित्तानं, अन् डोक्यापासून पाटापर्यंत सुतळी सोडली.

उकंडराव : म्हंजे त्या दिवशी मानेवर वळवळलं ते तू होती! मी झुरळ समजून चापट मारली.

कोकिळा : हाताले लागली माह्या. काई बोलली नाई मी.

राजकुमार : मावशी! जेवताना माणूस ताटावर वाकते वं! अन् काका तर पार कढीत नाक घालून जेवते. चार बोटं तर अठीच गेले.

उकंडराव : उंच माणसाले ताट लय दूर असते बे. तुले काय समजते?

राजकुमार : बरं, बसल्याचं चुकलं. पायाचं तरी बरोबर पाह्यजे. ते कवा घेतलं?

कोकिळा : ते झोपेत. त्यात काई चूक नाई. निवांत झोपले होते, घोरत होते. कमरेपासून टाचेपर्यंत.

राजकुमार : झोपेत माणूस सरळ असते. ते पक्कं.

उकंडराव : सरळ? तू आमच्या घरची बाज पाह्यली काय बे?

राजकुमार : पाह्यली नं. सागाची. माह्या आज्यानं बनवून देली होती, मावशीच्या लग्नात.

उकंडराव : तुहा आजा पाच फुटावर दोन इंच. त्यानं स्वतः तिच्यावर लोळून पाह्यलं अन् म्हने, ऐसपैस झाली. मी सव्वासहा फूट. पायथ्याचं लाकूड पोटरीले रुतते. तवापासून मी कुशीवर, गुडघे मोडून झोपतो. सेहेचाळीस वर्षं.

कोकिळा : मी तर समजत होती तुमाले तशीच सवय हाये.

उकंडराव : सवय हाये नं. बाजेनंच लावली.

कोकिळा : मंग बोलले काऊन नाई?

उकंडराव : तुह्या बापानं रंधा मारून, हातानं विणून देली. तिले काय आखूड म्हनाचं?

कोकिळा : बाबाले जाऊन तीस वर्षं झाले!

उकंडराव : मंग तर अजूनच बोलता येत नाई.

राजकुमार : म्हंजे मी दोन वर्षं दुमडेल माणसाच्या मापानं गाडी बनवली. वा! चार दिवस द्या मले काका. सीट कापतो, पेडल पुढं सरकवतो, बुधवारी या.

उकंडराव : बुधवारी नाई जमत. लायसन आज संपते.

राजकुमार : मंग रिन्यू करा.

उकंडराव : नाई करत. अश्विनीले शब्द देला. पोरगी म्हने, बाबा, डोळ्याचं ऑपरेशन झालं, पंच्याहत्तर झाले, आता बस. मी म्हनलं, या लायसनची तारीख संपली का स्टेअरिंगले हात नाई लावत.

राजकुमार : या ग्राउंडात कोन लायसन पाह्यते काका? भागवत गुरुजीनं नऊ वाजेपर्यंत मैदान देलं. इथं ना पोलीस, ना आरटीओ.

उकंडराव : मी पाह्यतो. चौतीस वर्षं एसटी चालवली, बकरीच्या पिल्लाले धक्का नाई लागू देला. शेवटी चोरून गाडी चालवू काय?

राजकुमार : मंग असं करा. मी चालवतो, तुम्ही बाजूले बसा. तिकडं स्टेअरिंग नाई, जागा होईन.

कोकिळा : नाई.

राजकुमार : अवं मावशी—

कोकिळा : बाजूले नाई बसाचं त्याईनं. चालवाची हाये.

उकंडराव : जाऊ दे वं. बसून पाह्यलं, हॉर्नही वाजला. लय झालं. पोरानं गाडी चांगली बनवली. चाल घरी, भाकर खाऊ. गाडी काय, कशाले पाह्यजे?

कोकिळा : म्हनलं नं मी? म्हनलंच शेवटी!

राजकुमार : मावशी, रडून राह्यली काय तू?

कोकिळा : धूळ गेली डोळ्यात.

राजकुमार : वारा तर नाई कुठी.

कोकिळा : तुले ठाव नाई राजकुमार. एकोणऐंशी साल. लग्नाले तीन महिने झाले होते. मी लोणारले माहेरी चालली होती, याईच्याच एसटीत. पह्यल्यांदाच मी याईले स्टेअरिंगवर पाह्यत होती. ड्रायव्हरच्या मांगची खिडकी धरली होती मी. सुलतानपूरच्या पुढं रस्त्यात एक लाल गाडी उभी. अशीच, जमिनीले चिकटेल. मुंबईचा कोनी माणूस सरोवर पाहाले आला होता. गाडी तापली होती. याईनं एसटीच्या डब्यातलं पाणी देलं, पट्टा कसून देला, गाडी चालू करून देली. तो माणूस खूश झाला. म्हने, ड्रायव्हरसाहेब, एक चक्कर मारा.

राजकुमार : मंग?

कोकिळा : मंग काय! हे गाडीपाशी गेले, दरवाजा उघडला. अन् मी, तीन महिन्याची सून, खिडकीतून वरडली, "अहो, लोकं खोळंबले!" हे फिरले, गुपचूप एसटीत चढले. लोणार येईपर्यंत एकदाही मांगं पाह्यलं नाई.

उकंडराव : ड्रायव्हरनं मांगं पाहाचं नसते.

कोकिळा : तवापासून रस्त्यानं लाल गाडी गेली का हे मान वळवून पाह्यते. अन् मी याईच्याकडं पाह्यते. आपल्या तोंडानं आपण माणसाची एक हौस मारली. लोकं कोन होते? चौदा माणसं अन् एक कोंबड्याची टोपली. दहा मिनिटं खोळंबले असते तर काय झालं असतं? आज तरी बसाले पाह्यजे होते हे. अन् मीच माप चुकवलं.

उकंडराव : कोकिळे.

कोकिळा : बोलू नका तुम्ही.

उकंडराव : बोलू दे. बाजेसारखं राहून जाईन नाईतर. त्या दिवशी मी दरवाजा उघडला, हे खरं. एक पायही आत टाकला. तितक्यात समजलं, आपण यात मावत नाई. गुडघा अडकला, पुढं जाईना. तो मुंबईवाला मिशीत हसून राह्यला होता. अन् वर खिडकीत तू. नवी नवरी. मी म्हनलं, आता अठी अडकलो, चार माणसाईनं वढून काढलं, तर ही जन्मभर माहेरी सांगन. तितक्यात तू वरडली. देवानं आवाज देल्यासारखं वाटलं मले. मी म्हनलं, सुटलो बुवा!

कोकिळा : सुटले?

उकंडराव : सुटलो. तुह्याच मेहेरबानीनं.

कोकिळा : अन् मांगं काऊन नाई पाह्यलं मंग?

उकंडराव : तोंड लाल झालं होतं माह्यं.

कोकिळा : म्हंजे मी सेहेचाळीस वर्षं... अहो, बोलाचं नाई एकदाही?

उकंडराव : तू बोलली?

राजकुमार : कमाल हाये तुम्हा दोघाची. दिवसभर तर दोघं बोलतच राह्यता. मिठावरून, टीव्हीवरून, शेजारच्या कुत्र्यावरून. अन् बोलाचं तेवढं सुतळीत बांधून ठेवलं.

कोकिळा : तू गप. मले एक सांगा हो. खरं सांगा. "कशाले पाह्यजे" म्हनू नका. चालवाची हाये का तुमाले ही गाडी?

उकंडराव : आता तुमच्यापुढं काय लाज? आताच तर दोघाईनं वढून काढलं मले.

कोकिळा : मी काय इचारलं?

उकंडराव : चालवाची हाये.

कोकिळा : मंग राजकुमार, टप काढ.

राजकुमार : काय?

कोकिळा : टप काढ गाडीचा. त्या गाडीले टप नव्हताच. मी तुले सांगतलं होतं.

राजकुमार : फोटोत होता नं वं!

कोकिळा : फोटोतली गाडी दुसरी. मी एसटीच्या खिडकीतून वरून पाह्यली. आतलं सारं दिसत होतं मले. पांढऱ्या सीटा, एका सीटवर संत्र्याच्या साली, त्या माणसाच्या डोक्याले पडेल टक्कल. टप असता तर टक्कल दिसलं असतं काय?

उकंडराव : टक्कल होतं बरोबर. हिचं ध्यान पक्कं हाये.

राजकुमार : पन मावशी, टप काढला तर गाडीची शोभा जाते.

कोकिळा : शोभा आत बसणार हाये. काढ.

राजकुमार : चार बोल्टचं काम हाये तसं. बरं. पाना आणतो. काका, तिकडून धरा. उचला. हा... ठेवा हळू, गवतावर. गेला टप. आता डोक्याचं भागलं. गुडघ्याचं काय?

कोकिळा : सीटही काढ.

राजकुमार : मंग बसन कशावर? पत्र्यावर?

कोकिळा : पिशवीत गोधडी हाये. दगडावर बसाले आणली होती मी. चौघडी घाल तिची.

राजकुमार : दोन वर्षाची गाडी, अन् आत गोधडी!

कोकिळा : सेहेचाळीस वर्षं माणूस दुमडला, एक दिवस गाडी उसवली तर काय होते?

उकंडराव : उसव बे. मावशीपुढं आरटीओचंही चालत नाई.

राजकुमार : उसवली घ्या. सीट बाहेर. गोधडी आत. बसा आता. आधी बूड... शाबास. आता पाय... काका, जोडे काढा! एक जोडा दोन पेडलवर जाऊन राह्यला.

उकंडराव : अनवाणी गाडी मी कधी चालवली नाई.

कोकिळा : गोधडीवर बसूनही कधी चालवली नव्हती. द्या इकडं जोडे, मी धरते.

राजकुमार : बसले! मावशी, पाह्य, बसले! दोन्ही गुडघे स्टेअरिंगच्या दोन बाजूले. मान सरळ.

उकंडराव : खरंच बे. कुठीच नाई लागत.

कोकिळा : रांजणात बगळा उभा केल्यासारखे दिसता.

उकंडराव : हस तू. माहेरी सांग जाऊन.

कोकिळा : माहेरी आता कोन उरलं ऐकाले? हा राजकुमार उरला, तो पाहूनच राह्यला. सरका, मी येते.

राजकुमार : तू बाजूले बसणार मावशी? तुले काई दिसणार नाई वं. सीट लय खाली हाये.

कोकिळा : मले काय पाहाचं हाये रस्त्यात! दरवाजा लाव.

उकंडराव : राजकुमार, गिअर?

राजकुमार : साधेच हायेत. पह्यला पुढं, दुसरा मांगं. एसटीपेक्षा लोण्यासारखे.

उकंडराव : चालू झाली. आवाज चांगला हाये. हलका.

कोकिळा : मंग चाला नं. थांबले काऊन?

उकंडराव : बेल दे.

कोकिळा : कसली बेल?

उकंडराव : डबल बेल झाल्याबिगर मी डेपोतून कधी गाडी हलवली नाई.

कोकिळा : अगं बाई! टिंग टिंग.

राजकुमार : हळू काका! ब्रेक कडक हाये! दाबू नका एकदम! वा! गेली! गेली नं! ओ काका, फाटकाकडून वळवा!

कोकिळा : मले तर निस्तं आभाळ दिसते हो.

उकंडराव : तू आभाळ पाह्य. रस्ता मी पाह्यतो.

कोकिळा : घरी गेल्यावर बाज कापाची नाई हं. पायथ्याले फळी तेवढी जोडू. बाबाची हाये.

उकंडराव : राहू दे. आता सरळ झोपलो तर झोप नाई येणार मले.

कोकिळा : ही कितवी फेरी?

उकंडराव : मोजल्या नाई. तिसरी असन.

राजकुमार : काका! मावशी! सात झाल्या! नऊ वाजले! भागवत गुरुजी चाबी घेऊन आले, फाटकापाशी अर्धं गाव जमलं!

उकंडराव : काय म्हनते वं तो? वाऱ्यात ऐकू नाई येत.

कोकिळा : म्हनते, लोकं खोळंबले.

उकंडराव : मंग? थांबू काय?

कोकिळा : खोळंबू द्या.