बाळकुमच्या सुझानाची जन्मपत्रिका

जबाब देणार हरी गोविंद परचुरे, वय वर्षे ४७, धंदा पंचांग सांगणे व एका साप्ताहिकास ठाण्याचे वर्तमान लिहून पाठविणे, राहणार तळ्याच्या दक्षिणेस, ठाणे. तारीख ९ माहे मार्च सन १८८८.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, बालबोध कन्याशाळेचे चिटणीस रा. रा. नारायण विठ्ठल सोवनी यांनी माझ्यावर दोन गोष्टींबद्दल फिर्याद दिली आहे. एक, मी खोटी जन्मपत्रिका केली. दुसरी, मी शाळेचे दाखल्याचे बुक अडवून धरले. पहिली गोष्ट लबाडी आहे. दुसरी खरी आहे.

सदर शाळा खासगी असून तीस सरकारी ग्रँट मिळते. शाळेने छापील हस्तपत्रक काढले, त्यात जातिधर्माचा भेद न करता चाळीस मुली घेऊ, असे आहे. हे हस्तपत्रक वाचून मी साप्ताहिकात शाळेची दीड स्तंभ स्तुती केली. ती आता परत घेता येत नाही. त्याच पत्रकात खाली असे कलम आहे की, मुलीचे वय पाच वर्षे पुरे असावे व त्याबद्दल जन्मपत्रिका दाखवावी. हे कलम कमिटीला मी सुचविले होते. लोक चार वर्षांची मुलगी सहाची म्हणून आणतात, म्हणून सुचविले. ज्यांच्या घरी पत्रिका करीत नाहीत, अशीही माणसे या गावात राहतात, हे माझ्या ध्यानात आले नाही. सत्तेचाळीस वर्षे मी याच गावात आहे.

बाळकुमचा पॉल परेरा हा मिठागरावर काम करतो. तो गेल्या सोमवारी हस्तपत्रक घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "शास्त्रीबाबा, आमचे पोरीला शिकवाचा हाय. पाद्रीबाबांचे शाळेत पोरींचा वर्ग नाय. हा कागद काय मागतो?" मी वाचून दाखविले. त्याने देवळातील बाप्तिस्म्याचा दाखला पुढे केला. त्यात मुलीचे नाव सुझाना व जन्म १८ नोव्हेंबर १८८२ असा आहे. मी तो घेऊन त्याच दिवशी सोवनींकडे गेलो. सोवनी म्हणाले, "कलम तुमचेच आहे, शास्त्रीबोवा. पत्रिका आणा." असे म्हणून ते हसले.

मग मी पत्रिका करण्याचे ठरविले. तारखेवरून तिथी कार्तिक शुद्ध अष्टमी, शके १८०४, निघाली. वेळ पाहिजे होती. मंगळवारी बाळकुमास जाऊन पॉलची आई फेलिशिया हिला विचारले. ती म्हणाली, "घड्याळ कुठचा आमचेकडं! पहाटचा पानी पुरा भरून थांबलेला. पॉल उघाडी बघाला गेलता, तवाच पोर रडली." उघाडी म्हणजे मिठागरात खाडीचे पाणी घेण्याची फळी. अष्टमीची सकाळची भरती खाडीत सूर्योदयाच्या सुमारास पुरी होते, हे मिठागराचे माणूस झोपेतही सांगेल. भरतीवरून वेळ व वेळेवरून वृश्चिक लग्न काढले. बापाच्या अंदाजावर केलेल्या पुष्कळ पत्रिका मी पाहिल्या आहेत. त्यांवर लग्ने झाली आहेत. त्या मानाने ही पत्रिका फार खरी आहे.

काल, गुरुवारी, दुपारी तीन वाजता पॉल, त्याची मुलगी व मी असे शाळेत गेलो. दाखले पाच वाजता बंद होणार होते व एकच जागा उरली होती. सोवनींनी मुलीस पायरीवर उभे केले व पत्रिका दोन बोटांनी उचलली. पुढील बोलणे झाले ते असे.

सोवनी म्हणाले, "ख्रिस्तावाच्या पोरीला रास कसली?"

मी म्हणालो, "ती जन्मली त्या दिवशी ग्रहांना सुट्टी होती काय?"

"उद्या पाद्र्याचीही कुंडली मांडाल!"

"वेळ सांगितली तर मांडीन."

"हे तुमच्या मंडळींना कळले म्हणजे समजेल, शास्त्रीबोवा. पत्रिका खोटी आहे. चाळिसावी जागा मी दुसरीला देतो." असे म्हणून त्यांनी बुक उघडले व दौत पुढे ओढली.

मी ते बुक मिटून त्यांच्या हातून घेतले, जमिनीवर ठेवले व त्यावर बसलो. पोथीला चुकून पाय लागला तर कपाळाला हात लावणारा मी मनुष्य आहे. पायरीवरून मुलगी म्हणाली, "बाबा, बुकावर बसू नये, पाप लागतं." त्या शाळेत पुस्तकाची एवढी चाड मला इतर कोणात दिसली नाही. मी तिला सांगितले की, "खरे आहे, पण आज बसू दे." पाच वाजेपर्यंत उठलो नाही. नंतर पोलीस शिपाई गुणाजी आला, त्यास बुक दिले. मारहाण झाली नाही. सोवनींनी माझे उपरणे ओढले, ते फाटले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

फौजदारसाहेबांनी विचारले की, पत्रिका खोटी आहे असे लिहून दिल्यास चिटणीस फिर्याद मागे घेण्यास तयार आहेत, देता काय? सांगतो की, नाही. पत्रिका मी केली व ती खरी आहे. पुन्हा विचारले की, याचा परिणाम आपणास ठाऊक आहे काय? ठाऊक आहे. आज सकाळी दोन यजमानांनी आपापल्या घरच्या पत्रिका परत नेल्या. माझ्या घरी दोन मुली लग्नाच्या आहेत. याहून अधिक या बाबतीत लिहू नये.

माझे मागणे एकच आहे. या जबाबाची सहीशिक्क्याची नक्कल मला आजच मिळावी. बाळकुमच्या सुझाना पॉल परेरा हिचे वय आज पाच वर्षे तीन महिने वीस दिवस आहे, हे आता पोलीस कचेरीत नोंदले गेले आहे. ती नक्कल जोडून मी तिचा अर्ज ग्रँट देणाऱ्या इन्स्पेक्टरसाहेबांकडे पाठविणार आहे. अर्ज लिहून तयार आहे. पॉल व मुलगी बाहेर ओट्यावर बसली आहेत.

हा जबाब कारकुनाने मला ऐकविला. 'चुकून त्यावर बसलो' असे त्याने लिहिले होते, त्यातील 'चुकून' मी खोडविले. बाकी सर्व मी बोललो तसेच उतरले आहे, म्हणून सही करतो.

हरी गोविंद परचुरे, दस्तुर खुद्द