नानांनी बंद केलेला आवाज

नमस्कार. मेडनहेडच्या या हॉलमध्ये तुम्ही सगळे आलात. पुढे पांढरे कपडे, मागे काळे कोट. मागची मंडळी एडिनबराहून आलीत, काही थेट स्वीडनहून. मराठीचं अक्षर कळत नाही, तरी बसलीत. मी शुभदा, मेघनाची थोरली बहीण. तिचा नवरा योहान गेल्या मंगळवारी गेला. बोलायला उभी राहिलेय. आणि खरं सांगू? राग आलाय.

आमचे वडील, नाना, त्या टोकाला बसलेत. मेघना या टोकाला. कित्येक वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, तर मी कशाला लपवू?

आज दारातच तुमच्यापैकी दोघांनी मला गाठलं. "शुभदाताई, त्याचं ते म्युझिक नको हं आज. भजन ठेवू. अशुभ वाटतं ते." अहो, तो माणूस आयुष्यभर तेच करत होता!

काय करत होता, हे आपण कधी विचारलं? नाना सांगायचे, जावई साउंड इंजिनिअर आहे. योहानच्या गावात लोखंडाचा कारखाना होता. त्याचे वडील तिथेच कामाला. कारखाना बंद पडला आणि हा पोरगा रिकाम्या शेडमध्ये जाऊन पत्रे बडवायला लागला. ते रेकॉर्ड करायचा, कॅसेटी घरीच कॉपी करून विकायचा. मग सीडी आल्या. मग देशोदेशीच्या तळघरांतले कार्यक्रम. गाणं नाही, ताल नाही, अंधारात नुसती घरघर. ती ऐकायला ही मागची माणसं विमानानं जायची.

बेसिंगस्टोकला माझ्या घरी आला की रेडिएटरला माइक चिकटवून बसायचा. "ताई, प्लीज, फ्रिज बंद कर." माझं दूध नासायचं! आमचा बॉयलर त्याच्या एका सीडीत आहे. ती ऐकून मला भीती वाटली. विचारलं, इतकं भयाण का रे करतोस? म्हणाला, "भयाण नाही, ताई. कारखाना बंद झाल्यावर आमच्या घरात असंच ऐकू यायचं."

आणि मग तो गणपती. आपल्या मंडळानं त्याला वाजवायला बोलावलं आणि कार्डावर छापलं, सुगम संगीत! हसा, हसा. त्याला एवढंच कळलं की सासऱ्यांसमोर वाजवायचंय. लँकेशरमध्ये एका म्युझियममध्ये कापड विणायचे जुने साचे चालवून दाखवतात. तिथे जाऊन बसला, आवाज घेऊन आला. का? तर नाना मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात होते म्हणून. सांगितलं मात्र कुणाला नाही. सरप्राइज द्यायचं होतं त्याला.

दिवे मालवले, घरघर सुरू झाली, पोरं रडायला लागली. नाना उठले आणि त्यांनी मेन स्विच बंद केला.

तो दिवस आणि आजचा दिवस. मेघना म्हणाली, माझ्या नवऱ्याचा चारचौघांत अपमान केला. योहान तेवढा म्हणायचा, "इट्स ओके, ताई. नाही आवडलं त्यांना."

काल चहा पिताना नाना मला म्हणाले... नाना, तुम्ही माझ्यावर रागवा, पण मी हे सांगणारच. म्हणाले, "पहिल्या मिनिटातच मला कळलं होतं, ते साचे आहेत. गिरणी बंद पडली तेव्हा शेवटच्या पाळीला आम्हीच ते आमच्या हातांनी थांबवले होते गं. ऐकवेना मला. पण त्याला तसं सांगायला हवं होतं."

ऐकलंत? त्याला सांगायला हवं होतं. आता कुणाला सांगणार? योहान गेला. मेघना आहे.

मेघना, तुझ्या पर्समध्ये त्या साच्यांचीच सीडी आहे, मला माहीत आहे. लाव. ज्यांना सहन होणार नाही त्यांनी खुशाल बाहेर जावं, चहा तयार आहे, कुणी नावं ठेवणार नाही. पण मध्येच कुणी बंद करायला आलं, तर गाठ माझ्याशी आहे.

थांबा. नाना उठले.

नाना, जपून. दार डावीकडे आहे...

नाही. ते इकडे येतायत. जरा सरका, प्लीज. त्यांना मेघनाशेजारी जागा द्या. बसा, नाना. मेघना, अगं, हात धर त्यांचा.

मंडळी, आज श्रद्धांजलीला उभं राहायचं नाही. बसल्या जागी शांत राहायचं आणि ऐकायचं.

योहान, नाना बसलेत. सुरू कर.