चोविसावा हँगर

(अंबडमधल्या एका कपड्यांच्या कारखान्याची सॅम्पल रूम, दुपारचे तीन. योगिनी उन्हाळी कपड्यांची सगळी जुळवाजुळव बघते. सिंधुबाई इथे दहा वर्षं नमुने शिवतात.)

सिंधुबाई : हँगर चोवीस, कपडे तेवीस. तीनदा मोजले, ताई.

योगिनी : खरेदीदाराकडे तेवीसच जाणार आहेत. एक कमी केलाय.

सिंधुबाई : त्या नव्या पोरीचा, अपूर्वाचा कैरी रंगाचा कुर्ता दिसत नाय.

योगिनी : गळा नीट बसत नव्हता त्याचा.

सिंधुबाई : मी शिवलाय तो. गळा बसत नाय म्हणणाऱ्यानं माझ्यासमोर घालून दाखवावा.

योगिनी : चारला कुरिअरवाला येईल. खोकं बांधायला घ्या.

सिंधुबाई : पोरीला ठाव हाय का?

योगिनी : कळेल. पुढच्या उन्हाळ्यात पाठवेल.

सिंधुबाई : वरीस जाईल की तिचं!

योगिनी : माझी नऊ गेली! कापड कधी येणार, बटणं कुठे अडकलीत, कुठला नमुना कुठल्या तारखेला, सगळं माझ्या डोक्यात. आणि ही कालची पोरगी आठ महिन्यांत एक कुर्ता काढते, तर धवल सर सगळ्यांसमोर म्हणतात, यंदाची सुरुवात हिच्यापासून! माझा निळा शर्ट कितवा आहे, माहितीये? एकोणिसावा.

सिंधुबाई : मंजी जळताय तुमी.

योगिनी : हो, जळते. तिला चहा विचारायला सर खुर्चीतून उठतात. माझ्याकडे कधी आले, तर यादी मागायला. आणि कुर्ता वाईट असता ना, तर एवढं लागलंही नसतं.

सिंधुबाई : कुठं ठेवलाय?

योगिनी : कपाटात.

सिंधुबाई : खालच्या कप्प्यात, अस्तराच्या ताग्यांमागं?

योगिनी : तुम्हाला कसं कळलं?

सिंधुबाई : तुमचा पयला पांढरा कुर्ता आठवतो?

योगिनी : न आठवायला काय झालं? त्याची किनार मी स्वतः येवल्याहून आणली होती. तेव्हा माझ्या जागी इंदिरा मॅडम होत्या, त्या म्हणाल्या, धुलाईला गेला तो आलाच नाही.

सिंधुबाई : माझ्या मशीनवर डोकं टेकून लय रडला होता तुमी.

योगिनी : सिंधुबाई, तो कुठे होता?

सिंधुबाई : तिथंच, त्याच ताग्यांमागं. मॅडम ठेवत व्हत्या, मी पाह्यलं. माझी नोकरी तवा कच्ची व्हती. गप बसले.

योगिनी : नऊ वर्षं?

सिंधुबाई : नऊ वर्षं. तुमी डबा उघडून माझ्यापुढं करता ना, घास उतरत नाय घशाखाली. आज परत गप बसायला सांगू नका, ताई.

योगिनी : किती वाजले?

सिंधुबाई : सव्वातीन.

योगिनी : चुरगळलाय तो. इस्त्री तापत ठेवा.

सिंधुबाई : कितवा लावू?

योगिनी : पहिलाच. फक्त मी बाहेर गेल्यावर लावा.