चौघांचा की पाच जणांचा

"हॅलो? … हॅलो, आई? … जरा मोठ्याने बोल, इथे मशीन चालू आहे. … थांब, बंदच करते."

बेबीने वाफेच्या इस्त्रीचं बटण बंद केलं आणि फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, कारण दोन्ही हातांत कुणाचा तरी कोट होता. बेबी म्हणजे चाळिशी केव्हाच उलटलेली, दोन मुलांची आई, ड्रायक्लीनिंगच्या दुकानाची मालकीण. गिऱ्हाइकं तिला वचकून असत. पण आईच्या तोंडी ती अजून बेबीच होती, आणि आईचा फोन आला की तिची खरोखरच बेबी होऊन जायची.

"हं, बोल. … कुठे आहेस म्हणालीस? … कुठे? … विम्याच्या ऑफिसात? … कुठल्या, चौकातल्या? … अगं पण कशाला?"

तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला कारण होतं. गेल्या आठवड्यात हिनेच आईला सांगितलं होतं, की यंदा सुट्टीत आम्ही चौघंच परदेशी जाऊन येतो, तुला नेता येत नाही. सत्तरीच्या पुढे प्रवासाचा विमा मिळत नाही आणि विम्याशिवाय तिकडे पाऊल टाकू देत नाहीत. एवढ्यावर थांबली असती तरी भागलं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला नुसत्या खोट्याने समाधान होत नाही, त्यात एखादा चालता-बोलता माणूस घालावासा वाटतो. म्हणून बाईसाहेबांनी वर जोडलं, की मी स्वतः चौकातल्या ऑफिसात जाऊन आले, खिडकीवरच्या मुलीने तोंडावर नाही म्हणून सांगितलं. खरं तर त्या ऑफिसची पायरीसुद्धा ती कधी चढली नव्हती.

"मिळतो? … पंच्याऐंशीपर्यंत? … एकटीचाही निघतो? … हो का? … नाही गं, आनंद झाला की. … आवाज असाच आहे, वाफेने घसा बसतो माझा. … तू डॉक्टरांकडे कधी गेलीस पण? … एकटीच? … जिना चढून दाखवलास? … दोनदा कशाला? … ते म्हणाले एकदा पुरे, तरी? … अगं आई."

इतकं ऐकून तिला हसू आलं असतं, पण आलं नाही. आई तशी कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिचा कसला जाच नव्हता, आणि तीच तर अडचण होती. मागच्या सहलीत तिला दम लागायचा. ती दिसेल त्या बाकावर बसायची आणि बसली की म्हणायची, तुम्ही व्हा पुढे. मग पुढे कुणीच होऊ शकायचं नाही. नवरा चकार शब्द काढत नव्हता, नुसता हातातल्या घड्याळाकडे बघायचा, आणि बेबीला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं. सकाळच्या गोळ्या, जेवणाआधीच्या, जेवणानंतरच्या, झोपतानाच्या. परत आल्यावर मुलांनी समुद्राचं वर्णन केलं तेव्हा बेबीला कळलं, की आपण तो नीट पाहिलाच नाही. हे आईला सांगायची छाती नव्हती. म्हणून तिने विमा पुढे केला होता.

"बूट? … कसले बूट? … चालायचे? … छान केलंस. … हो, थोडे दिवस घरात घालून बघ, नवे असले की चावतात. … एक मिनिट हं आई, गिऱ्हाईक आहे. … या. … परवा मिळेल. … हे एक बटण आधीपासूनच नाही ना? तसं चिठ्ठीवर लिहिते, नंतर वाद नको. … हं, आई, बोल. … साहेब? कोण साहेब? … तिथले? … तुझ्या शेजारी उभे आहेत?"

गिऱ्हाईक गेलं, काचेचं दार लागलं. बेबी मात्र चिठ्ठी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"तक्रार? … कुणाची तक्रार, आई? … अगं जाऊ दे ना. … हो, मिळत असताना नाही म्हणाली, कळलं मला. … पण मला तिचा राग नाही आला. … यात तत्त्वाचा काय प्रश्न? … चुकतात गं माणसं, तरुण पोरी असतात. … नको, साहेबांना नको देऊस फोन. … मी कामात आहे. … आई, ऐक ना, फोन देऊ न… हं, नमस्कार. … नमस्कार साहेब."

आईने उभी हयात शाळेच्या कचेरीत काढली होती. मुख्याध्यापकांनाही तिने कधी चुकीच्या तारखेवर सही करू दिली नव्हती. आपल्या मुलीला कुणी खिडकीवरून परत पाठवलं म्हटल्यावर ती गप्प बसणार नाही, हे बेबीला कळायला हवं होतं. पण खोटं बोलताना इतका पुढचा विचार कोण करतो?

"हो, मी त्यांची मुलगी. … छे छे, तक्रार अशी काही नाही. … गेल्या आठवड्यात. … वार नाही लक्षात. … दुपारी असेल. … नाव कुठे विचारलं मी. … दिसायला साधीच होती. … हो, तरुण. … चष्मा?"

नाही म्हणायची हीच वेळ होती. आठवत नाही म्हणाली असती तरी विषय तिथेच मिटला असता. पण आई शेजारी उभी आहे, आपली बेबी कशी ठामपणे सांगते ते ऐकतेय, हे बेबीला फोनमधूनसुद्धा दिसत होतं.

"हो, चष्मा होता वाटतं. … तीन नंबरच्या खिडकीवर? … असेल. … हो, बहुतेक तीच. … तुम्ही बघून घ्या, मी काय सांगणार. … बरं. … द्या आईकडे."

म्हटलं तर झालं होतं सगळं. आता आई समाधानाने फोन ठेवील, मग संध्याकाळी नवऱ्याशी बोलून तिकिटाचं किंवा खोलीचं काहीतरी निमित्त काढता येईल, असा हिशोब बेबीने मनातल्या मनात मांडलासुद्धा. आपलंच मन इतक्या सराईतपणे चालतंय याची तिला लाज वाटली, पण तिने ते थांबवलं नाही.

"हं आई. … झालं ना समाधान? … बोलावलं? कुणाला बोलावलं? … आत्ता? तिथे? … तुझ्यासमोर कशाला? … काय म्हणते ती?"

बेबी हळूच कोटांच्या गठ्ठ्यावर टेकली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर बसायचं नाही, हा तिने स्वतःच केलेला नियम होता.

"मी कुणालाच नाही म्हटलं नाही, असं म्हणते? … रडतेय? … खूप? … नवीन आहे का? … अजून कायम पण नाही झालेली. … साहेब काय म्हणतात? … काढून टाकीन म्हणाले? सगळ्यांच्या देखत? … आई, तू जरा बाजूला ये. … त्यांच्यापासून लांब. … नाही, त्यांना सांगत बसू नकोस, आत्ता ये. … आलीस? … दाराबाहेर ये सरळ. … हं. आता ऐक, मध्ये बोलू नकोस."

तिने कोटाच्या बाहीवरची नसलेली सुरकुती तळव्याने सारखी केली.

"ती मुलगी खरं बोलतेय. … नाही, ही नाही तर दुसरी पण नाही. … अगं, मी गेलेच नव्हते तिथे. … कुठेच नव्हते गेले. कुणी नाही म्हटलं नाही, मी विचारलंच नाही कुणाला. … गोंधळ नाही झाला माझा, आई. मी खोटं बोलले. तुझ्याशी, आणि आता त्या साहेबांशीपण. … आई? … आहेस ना?"

होती. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते, आणि मध्ये आईचा श्वास. आई रागावली असती, तर बेबीने तितक्याच जोरात उत्तर दिलं असतं. मागच्या सहलीचं सगळं काढलं असतं, आणि दोघी रडून मोकळ्या झाल्या असत्या. पण आई काहीच बोलत नव्हती, त्यामुळे बेबीलाच बोलत राहावं लागलं.

"तू नको होतीस असं नाही गं. … म्हणजे नको होतीस. आठ दिवस. … आठच दिवस मला कुणाच्या गोळ्या लक्षात ठेवायच्या नव्हत्या. … हो, सांगायला हवं होतं. … रागावली असतीस म्हणून नाही. तू लगेच म्हणाली असतीस, जा गं तुम्ही, माझं काय. मला तेच ऐकवलं नसतं. … हो. … हो, त्यापेक्षा हे वाईट झालं. … त्या मुलीचं काय करायचं आता? … मी येते तिथे. दुकान बंद करते आणि येते. … का नको? … आई, कुठे चाललीस? परत आत कशाला? …"

पुढचं बेबीला सगळं ऐकू आलं, कारण आईने फोन बंद केला नव्हता, नुसता हातात धरला होता.

"आई, काय सांगतेयस त्यांना? … मुलगी दुसऱ्याच ऑफिसात गेली होती? … नाही, आई. … मलाच नीट ऐकू आलं नाही, असं काय म्हणतेस? तुला व्यवस्थित ऐकू येतं. … तू कशाला माफी मागतेस तिची? … वयाचा दोष कसला? आई, माझी चूक आहे ती. … फोन साहेबांकडे दे. … आई, ऐकतेयस का? … मग त्या मुलीकडे तरी दे."

कुणी ऐकत नव्हतं. जिने आयुष्यात चुकीच्या तारखेवर सही होऊ दिली नाही, ती बाई भरल्या ऑफिसात धडधडीत खोटं बोलत होती, तेही न अडखळता. नातीच्या वयाच्या पोरीपुढे स्वतःला बहिरी म्हणवून घेत होती. बेबीचे कान तापले. दुकानात कुणीही नव्हतं, तरी तिने मान खाली घातली.

"हं. … आहे मी. … थांबली रडायची? … पाणी दिलंस का तिला? … बरं केलंस. … साहेब? … चला, मिटलं म्हणायचं. … आई, मी खरंच… … बरं, घरी बोलू. … आता पैसे कसले? … अगं, विम्याचं राहू दे आता. … हो, तू तिथे आहेस, पण… … त्या मुलीने मांडून ठेवलंय सगळं? … हो, काढायला तर हवाच. मुलं बरोबर आहेत, परका मुलूख, काही झालं तर. … हो. … काय म्हणालीस? … चौघांचा की पाच जणांचा?"

आईने अगदी साधं विचारलं होतं. त्यात टोमणा नव्हता. रुसवा असता तर बेबीला लगेच ओळखू आला असता. आई खिडकीपाशी उभी होती, मुलगी थांबली होती, मागे लोक असतील, म्हणून तिने आपलं विचारलं. बेबी पाच म्हणणारच होती. पाच म्हणायचं हे प्रश्न ऐकताक्षणीच ठरलं होतं. फक्त म्हणायच्या आधी तिच्या डोळ्यांपुढून एकदा सगळं गेलं: जिने, बाक, डबीतल्या गोळ्या, नवऱ्याचं घड्याळ. मग ती बोलली.

"पाच. … पाच जणांचा, आई. … नाही गं, विचार कसला करत होते, नुसती गप्प होते. … कुणाशी बोलतेयस? … तिला थांबव. … चौघांचा नाही, तिला सांग पाच. … चौघांचे पैसे भरलेस पण? … मग तुझा वेगळा काढ. निघतो एकटीचा, तूच म्हणालीस मघाशी. … मी मनापासून म्हणतेय. … म्हणजे काय? किती वेळ गप्प होते मी? … आई, एवढ्यावरून मनात नको गं धरूस. … हो, माझ्याशी बोलताना हसतेयस, कळतंय मला. … नको असं म्हणूस. … मुलांना मी काय सांगू? … हो, पण तुझं काय? … आई, पाच म्हटलं मी. … हॅलो? … आई? … पाच."