एकवीस कोणी म्हणायचं?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षकवृंद, पालक आणि पहिल्या रांगेत चुळबुळ करणाऱ्या माझ्या बालमित्रांनो,

सत्काराला उत्तर खरं तर सत्कारमूर्तींनी द्यायचं. आज ते त्यांची बायको देते आहे. ते इथेच बसलेत, पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन.

आपण सगळे यांना 'एकवीस सर' म्हणता. पाहुण्यांसाठी खेळ सांगते. दोघांनी एकापासून आळीपाळीने मोजायचं. एका पाळीत एक, दोन किंवा तीन आकडे. एकवीस ज्याच्या तोंडी येईल तो हरला. गोम अशी, की समोरचा कितीही आकडे म्हणू दे, आपण त्याच्या आकड्यांत आपले घालून चार पुरे करायचे. चार, आठ, बारा, सोळा, वीस. म्हणजे सुरुवात करणाऱ्याचं काही खरं नाही.

हे गुपित सर कुणाला सांगत नसत. मुलं हरून हरून रडकुंडीला यायची, आणि मग एखादी ओरडायची, "सर, तुम्ही चाराच्या पाढ्यावरच थांबता!" मी एकदा म्हटलं, "अहो, लहान आहेत, जिंकू द्या की." तर म्हणाले, "खोटं जिंकवलं तर ती शोधतील कशाला?" लग्नानंतर आमचं ठरलं होतं, डाव हरेल त्यानं रात्रीची भांडी घासायची; कित्येक महिने मीच घासली, आता बोला!

गेल्या सहामाहीत चौथीतल्या एका मुलीनं सरांना हरवलं. शिक्षकांच्या खोलीत तिचं केवढं कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी तिघं जिंकली, आणि कौतुक थांबलं. पुढे डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मुदतीआधीच्या निवृत्तीचा अर्ज मीच लिहिला. लोक विचारतात, "बाई, रडून तरी घेतलंत का?" नाही. दूध तापवते, गोळ्या देते, दाराची कडी पुन्हा पुन्हा बघते. आत काही हलत नाही. समारंभ आहे म्हणून खोटं कशाला बोलू?

मुलांची मागणी होती, सरांनी आज एक डाव खेळावा. मी नकोच म्हणणार होते. पण हे सकाळपासून विचारताहेत, "आज खेळ आहे ना?"

अहो, इकडे बघा. सुरुवात माझी. एक, दोन.

'तीन, चार' म्हणाले. त्यांच्यापुढे माइक नाही, म्हणून मी सांगते. टाळ्या नकोत, त्यांचं लक्ष जाईल.

पाच. ... सहा, सात, आठ. बरोबर.

नऊ, दहा, अकरा. ... बारा!

तेरा. ... चौदा, पंधरा, सोळा. अध्यक्ष महोदय, जरा पाणी द्या.

सतरा.

... अठरा, एकोणीस.

थांबले. अहो, अजून एक आकडा म्हणता येईल, हवा तर. नको? बरं.

पहिली रांग, शू! तुम्हाला सगळ्यांना येतं, ठाऊक आहे मला. कुणीही काही बोलायचं नाही.

वीस. एकवीस.

हरले मी. आता वाजवा टाळ्या.

काय म्हणालात? पुन्हा म्हणा.

ते म्हणताहेत, "अगं वेडे, वीसवर थांबायचं होतंस."

मंडळी, मला रडू येतंय, पुढचं बोलता येणार नाही. शाळेनं यांना एवढी वर्षं आपलं मानलं, तुम्ही सगळे आलात, मनापासून आभार. चुकलं ते माझं, पोटात घाला.