फुकटच्या संग्रहालयातले भंगलेले देव

दसऱ्याच्या सुट्टीत तुम्ही कुठं फिरलात ते मला सांगूच नका. आमच्या यांनी एका दिवसात तीन संग्रहालयं ठरवली होती, तिन्ही फुकट. वाटेत निर्मल गावात लाकडी खेळण्यांच्या दुकानांपुढून गाडी न थांबवता काढली, कारण खेळणी फुकट नसतात.

पहिल्याच दालनात सासूबाई थबकल्या. समोर जुने दगडी देव ओळीनं उभे, कोणाला हात नाही, कोणाला नाक. त्यांनी थेट राखणदाराला गाठलं.

"काऊन जी, भंगलेल्या मूर्त्या मांडून ठेवल्या तुमी? असे देव ठेवत नाईत. बासरले नेऊन गोदावरीत सोडून द्या."

"आई, चाल नं," हे कुजबुजले. "अजून दोन फुकटचे बाकी आहेत."

"तू चूप राह्य. हे कबूल करत नाईत तोवर मी हलत नाई."

तासभर त्या खरंच हलल्या नाहीत. शेवटी राखणदारानं हात जोडले. "माय, या मूर्त्या गोदावरीतूनच तर काढून आणल्या!"

मला वाटलं, सुटलो एकदाचे.

"मंग कोणी उथळ पाण्यात सोडल्या असतील," सासूबाई म्हणाल्या. "या खेपेला खोल सोडा."