शनीची कोर

— अहं, नळीला हात नाही लावायचा, आधी हात पुसा. चालू आहे म्हणजे काय? दुर्बीण आहे ती, मिक्सर नाही बंद पडायला. आरसा हा असा तळाशी, आणि डोळा इथे लावायचा. ठेवणार कुठे? कॉम्प्युटरच्या टेबलाशेजारी? शोभेला! मग फुलदाणी घ्या की एखादी, उचलायला हलकी. काय म्हणालात — अंतराळात यान उडवायचा गेम खेळता आणि खेळताना कानात खगोलशास्त्राचं पॉडकास्ट? वातावरण तयार होतं? वातावरण! म्हणजे बूड खुर्चीत, यान कुठल्या तरी कंपनीचं, कानात पडणारी अक्कल तिसऱ्याचीच — आणि वर खरं आकाश आहे ते बघायला सांगितलं तर तुमची मान अवघडते. आणि असे ढिगाने आहात तुम्ही, ढिगाने! कुठलं ऐकता तरी?

'गच्चीवरून'? — हळू बोला. हळू बोला म्हणते ना, आतल्या खोलीत झोपलेत ते. कोण म्हणजे? तोच आवाज. आमचे हे. असं तोंड उघडं टाकून बघू नका, माशी जाईल. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता आवाज घुमू नये म्हणून कपाटाच्या दारावर रजई टाकून आत तोंड घालून बोलतात, आणि तुम्ही त्याला वातावरण म्हणता. नाही, सही मिळणार नाही. कागद दिसायला नको का त्यांना? — झालं. निघून गेलं तोंडातून. दीड वर्ष झालं, दोन्ही डोळे. कुणाला सांगायचं नाही, सांगितलं तर लोक कीव म्हणून ऐकतील, असं त्यांचं म्हणणं. दुर्बीण विकतेय हेही त्यांना ठाऊक नाही. विचारलं तर मी सांगणार होते, आरशाला नवा मुलामा द्यायला पाठवलीय.

मग दर आठवड्याला 'काल मी गच्चीवर होतो' ते कोण? मी! मी होते गच्चीवर. मी शिवणकाम करते, या वयात चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते, डोळे आहेत मला. मी बघायचं, खाली येऊन सांगायचं, यांनी ते घोळवून घोळवून तुमच्या कानात ओतायचं. तुम्ही खुर्चीत, हे खुर्चीत, आणि जिने चढायला मी. माझे गुडघे काय तुमच्या यानाचे आहेत? हिवाळ्यात एकदा दोन तास कुडकुडले, ढग हलायला तयार नाहीत. म्हटलं, खड्ड्यात गेलं. भाच्याने त्याचा जुना कॉम्प्युटर टाकलाय माझ्याकडे, त्यात तोच तुमचा गेम. हसू नका. पांघरूण घेऊन बसले, यान नेलं शनीपाशी, दिसलं ते यांना सांगितलं. तेव्हापासून तसंच चाललंय. तुमच्या गेममधलं बघून मी सांगते, हे बोलतात, आणि तुम्ही तोच गेम खेळत खेळत ते ऐकता — अहाहा! कळलं का तुम्हाला कुणी कान भरले ते?

कळलं होतं? काय कळलं होतं?

कोर... हो, मीच म्हणाले होते तसं. शनीची चंद्रासारखी बारीक कोर आणि तिच्यावर कड्यांची सावली. पलीकडे वळवलं होतं यान, फार सुरेख दिसत होतं. मग? — इथून दिसत नाही म्हणजे? कधीच? का?

सूर्यापासून आपल्यापेक्षा लांब. बरं. म्हणून इथून कायम उजेडाचीच बाजू, कोर होतच नाही. बरं. आणि तुम्हाला वाटलं, सर मुद्दाम गेमबद्दल बोलतायत, म्हणून यान थांबवून ऐकलंत.

थांबा जरा. बसते मी.

हे तर त्यांनी दरवर्षी नववीला शिकवलंय. फळ्यावर, चेंडू आणि टॉर्च घेऊन. मी ते चेंडू पिशवीत भरून द्यायचे. आणि त्यांना नसेल कळलं? मी कोर म्हणाले, तेव्हा बोटाने मांडीवर गोल काढत बसले होते. मला वाटलं वाक्य जुळवतायत. मग म्हणाले, 'अजून सांग. कडी कशी दिसतात पलीकडून?' — पलीकडून म्हणाले. मी पलीकडून असं म्हटलंच नव्हतं. आणि मी सांगत सुटले, तासभर, मूर्खासारखी, आणि हे मान हलवत ऐकत होते. वर शब्दही न बदलता तसंच्या तसं सगळ्या जगाला ऐकवलं. बिनचूक माणूस! फळ्यावरचा एक आकडा चुकला तर जेवायचा नाही.

ठेवा ती खाली. खाली ठेवा म्हणते ना! नाही विकायची. मघाशी विकत होते, आता नाही, झालं? पैसे खिशात घाला. तुम्हाला काय कमी आहे, सबंध आकाश पडलंय टेबलावर, जा, उडवा. आणि हे बाहेर कुठे बोललात तर — तुमचं कोण ऐकतंय म्हणा.

शू... उठलेत वाटतं. दार ओढून घ्या. आवाज न करता.